गाण्याचे कव्हर-चित्र एआयकडून करून घ्या, अक्षरे मात्र स्वतः बसवा

गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणारे बहुतेक वितरक कव्हरसाठी 3000 बाय 3000 पिक्सेलची चौरस जेपीजी किंवा पीएनजी फाइल स्वीकारतात, म्हणून एआय चित्र-जनरेटरमध्ये आरंभीच 1:1 हे प्रमाण निवडावे. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे जनरेटरला द्यायच्या लेखी सूचनेत, विषय, प्रकाश, रंग आणि माध्यम एवढे सांगितले की पुरते. 'अप्रतिम', 'जागतिक दर्जाचे' अशी विशेषणे ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने चित्र सुधारत नाही.

खरी अडचण शीर्षकाची असते, आणि मलाही सर्वांत जास्त याच पायरीने छळले आहे. चित्र घडवणारे मॉडेल अक्षरांकडे आकार म्हणून पाहते. त्यामुळे रोमन लिपीतील लहान शीर्षक नव्या मॉडेलांत बहुधा नीट उमटते, परंतु देवनागरीतील जोडाक्षरे आणि मात्रा अनेकदा विस्कटतात. म्हणून गाण्याचे नाव प्रॉम्प्टमध्ये लिहूच नये. 'अल्बम कव्हर' हे शब्दही टाळावेत, कारण ते वाचून मॉडेल स्वतःहून खोटी अक्षरे काढते, क्वचित सीडीची डबीसुद्धा. 'अक्षरे नकोत' असे वाक्यात लिहिल्याने अनेकदा उलटाच परिणाम होतो. स्टेबल डिफ्युजन या चित्र-मॉडेलमध्ये निगेटिव्ह प्रॉम्प्टची, म्हणजे चित्रात काय नको ते लिहिण्याची, वेगळी चौकट असते, ती वापरावी. 'शीर्षकासाठी जागा सोडा' असे न म्हणता 'वरच्या तिसऱ्या भागात मोकळे, धूसर आकाश' असे दिसणारे काहीतरी मागावे.

अक्षरे नंतर इंकस्केप, गिंप किंवा तत्सम चित्र-संपादन प्रोग्राममध्ये युनिकोड फॉन्टने बसवावीत, तीही चित्र 1024 वरून 3000 पिक्सेलपर्यंत अपस्केल, म्हणजे मोठे, केल्यानंतरच. आधी बसवल्यास त्यांच्या कडा विरघळतात. काही प्रोग्राममध्ये भारतीय लिपींचा पर्याय चालू नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, तेव्हा शीर्षक एकदा मोठ्याने वाचून पाहावे. कव्हरवरील नाव आणि वितरकाकडे नोंदवलेले नाव जुळले नाही, तर कव्हर परत येऊ शकते. संकेतस्थळाचा पत्ता किंवा समाजमाध्यमावरील खात्याचे नाव तर घालूच नये.

मग चित्र नखाएवढे लहान करून पाहावे. शीर्षक वाचता आले नाही, तर अक्षरे वाढवावीत. फॉन्ट बदलत बसू नये.

जनरेटरच्या अटींत व्यावसायिक वापराची मुभा आहे का, हे प्रकाशनापूर्वी तपासावे, कारण मोफत योजनेत ती नसू शकते. शिवाय, केवळ प्रॉम्प्ट देऊन मिळालेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही, अशी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची 2025 च्या अहवालातील भूमिका आहे. त्यामुळे हेच चित्र बोधचिन्ह म्हणूनही वापरण्याचा विचार असेल, तर ते चित्रकाराकडून काढून घ्यावे.