जॅकेट पाणी पितंय? स्प्रे नंतर, आधी साबण काढा

पावसात वॉटरप्रूफ जॅकेटचं बाहेरचं कापड गडद पडलं आणि आतून ओलसर वाटायला लागलं, की लोक लगेच कापडावर पाणी न टिकू देणाऱ्या स्प्रेची बाटली उचलतात. पण पाणी आत शिरलंच असेल असं नाही. या जॅकेटांमध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा आत असतो आणि बाहेरच्या कापडावर पाणी घरंगळून जावं म्हणून वेगळा लेप असतो. लेप काम करेनासा झाला की कापड पाणी धरून ठेवतं, घामाची वाफ अडकते आणि आपण आपल्याच घामाने भिजतो. बऱ्याचदा तो लेप संपलेला नसतो, मळ आणि साबणाखाली दबलेला असतो.

आधी जॅकेट उलटं करून बघा. आतून पापुद्रे सुटत असतील किंवा हाताला चिकट लागत असेल, तर पडदाच गेलाय. त्यावर स्प्रेचे पैसे घालवू नका. मेण लावलेल्या सुती जॅकेटची रीत वेगळी, त्याला यातलं काहीही करू नका.

चेन आणि वेल्क्रो बंद करून, लेबलवर लिहिलेल्या तापमानाला (बहुधा 30 किंवा 40 अंश) अशा कपड्यांसाठीच्या खास लिक्विडने धुवा.

आता खरं काम: विसळणं. मी इथेच फसलो होतो. नेहमीच्या पावडरने जॅकेट धुतलं, एकदा विसळलं, स्प्रे मारला. पाणी खांद्यावर तसंच मुरलं. मग दुसऱ्यांदा स्प्रे मारला, तरी तेच. वाटलं, स्प्रेच खोटा. शेवटी कॉलर कोमट पाण्यात बुडवून मुठीत दाबली, तर दुधासारखं पांढुरकं पाणी निघालं आणि कडेला बारीक फेस जमला. साबणाचं कामच मुळी पाण्याला कापडात शिरू देणं. तो कापडात उरला की पाणी घरंगळणार कसं? आणि त्यावर मारलेला लेप कापडाला धरणार कसा?

म्हणून मशीनचा पावडरचा कप्पा आधी घासून घ्या, त्यात जुन्या पावडरीचा थर बसलेला असतो. धुणं झालं की किमान दोनदा नुसत्या पाण्याने विसळा. मग कॉलर, चेनवरची पट्टी, खिशांचे कोपरे आणि बाह्यांची टोकं स्वच्छ पाण्यात एकेक करून दाबा. फेसाचा एक बुडबुडा दिसला तरी पुन्हा विसळा. फॅब्रिक कंडिशनर तर कधीच नको, त्याचाही थर कापडावर बसतो. ‘थोडासा चालतो’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पिळूही नका. मशीनचं स्पिन कमी ठेवा, कारण पाणी न सोडणारं कापड जोरात फिरलं की आत पाण्याची पिशवी धरते आणि मशीन धडधडतं.

वाळल्यावर ऊब द्या, दबलेला लेप त्यानेच पुन्हा जागा होतो. लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर 20 मिनिटं. नाहीतर मधे सुती कापड ठेवून, वाफ बंद करून, कोमट इस्त्री. इस्त्री एका जागी टेकवून ठेवू नका, नायलॉन वितळतं.

मग खांद्यावर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर काम झालं, स्प्रे लागतच नाही. कापड गडद पडलं तरच स्प्रे. स्प्रेऐवजी धुण्याच्या पाण्यात घालायचं, तोच लेप देणारं औषध मला पटत नाही, ते आतल्या अस्तरावरही बसतं आणि अस्तर घाम टिपेनासं होतं. जॅकेट पुन्हा ओलसर करून, स्वच्छ कापडावर, उघड्या हवेत स्प्रे मारा. खांदे, बाह्या आणि पाठीवरच्या सॅकचे पट्टे घासतात त्या जागांना जास्त द्या. दोन मिनिटांनी जादाचे ओघळ ओल्या फडक्याने टिपा आणि बाटलीवर लिहिलं असेल तर पुन्हा ऊब द्या.

हे सगळं करूनही शिवणीतूनच पाणी येत असेल, तर शिवणीवर आतून चिकटवलेली टेप सुटलेली असते. तिथे शिवण बुजवायचं सीलर लागतं, स्प्रे नाही.