होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया): दोन-तीन एकरवाल्यांनी शेतात काय काय उरकायचं (नाशिक साईड)

फेब्रुवारी संपत आला की दिंडोरी-निफाडकडं सगळंच एकदम अंगावर येतं, गहू पिवळा पडायला लागतो, कांदा पोसत असतो, मजूर सगळे द्राक्षाच्या तोडीवर, आणि त्यातच घरात विषय निघतो की मोकळ्या वावरात उन्हाळी काहीतरी लावून टाकू. लावा ना, पण दुकानात बियाणं आणायच्या आधी विहिरीवर जा.

दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा, मग मोटर चालवा आणि किती तासात पाणी तुटतंय ते बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत दोरी सोडा म्हणजे रात्रीतून पाझर किती आला ते कळतं. आज जेवढं पाणी मिळतंय त्याच्या निम्मं एप्रिल-मे मध्ये मिळेल असं धरूनच आम्ही क्षेत्र ठरवतो. सिन्नर, चांदवड, येवला बाजूच्यांनी तर निम्म्याहून कमीच धरावं. पाटपाणी असेल तरी उन्हाळी आवर्तनाच्या (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीच्या) भरवशावर जास्तीचं वावर भिजवायला घेऊ नका, आलं तर चांगलंच आहे, नाही आलं तर उभं पीक डोळ्यादेखत करपतं. एक एकर अर्धपोटी ठेवण्यापेक्षा दहा गुंठे नीट पिकवलेले कधीही परवडतात.

ठिबक असेल तर लावणीच्या आधी फिल्टरची जाळी खोलून धुवा आणि लॅटरलची (ओळीतल्या बारीक नळ्यांची) शेवटची तोंडं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत मोटर चालवा. सगळ्या ओळी एकदम उघडू नका, प्रेशरच राहत नाही, दोन-चार करत पुढं सरका. उंदरांनी, खारींनी कुरतडलेल्या जागा तेव्हाच दिसतात, नळी जोडायचे जॉइनर खिशात असू द्या.

आता काय लावायचं. भुईमुगाची वेळ साधारण 15 जानेवारी ते 15 फेब्रुवारी. निफाडची थंडी माहितीच आहे, थंडीत टाकला तर उगवण रखडते, आणि उशीर केला तर पीक 115-120 दिवसांचं असल्यामुळं काढणी जूनच्या पावसात सापडते आणि शेंगा जमिनीतच उगवायला लागतात. तारीख गेली असेल तर भुईमूग सोडून द्या सरळ, मूग घ्या. मूग फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत चालतो, 60-65 दिवसात मोकळा, एकरी 6-8 किलो बी, रायझोबियम (जिवाणू खत) चोळून सावलीत सुकवा आणि पेरा. शेंगा तोडल्या की झाडं उपटून फेकू नका, रोटर मारून जमिनीतच गाडा, पुढच्या पिकाला खत झालं.

भेंडी हे घरच्या माणसांचं पीक आहे. दहा गुंठ्याच्या वर जाऊ नका कारण 45-50 दिवसांनी तोडा सुरू झाला की दिवसाआड तोडावीच लागते, लग्नाला गेले म्हणून दोन दिवस राहिली की निबर होते आणि बाजारात कोणी विचारत नाही (आणि लग्नं नेमकी एप्रिल-मे मध्येच असतात!). दहा गुंठ्याला किलो-सव्वा किलो बी पुरतं, साधं बी असेल तर रात्रभर भिजवून टोकायचं, पण कंपनीचं औषध लावलेलं असेल तर भिजवू नका, औषध धुवून जातं. पांढरी माशी येणारच, तिच्यामुळं पानं पिवळी जाळीदार होतात तो व्हायरस आहे, त्यावर औषध नाही. पहिली दोन-चार झाडं दिसली की लगेच उपटून लांब पुरा आणि पिवळे चिकट सापळे सुरुवातीपासून लावा, झाड पिवळं पडल्यावर फवारण्या करून काही होत नाही.

कोथिंबिरीला उन्हाळ्यात भाव चढतो म्हणून सगळा वाफा एकाच दिवशी टाकतात आणि भाव नेमका तेव्हाच पडतो. आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी टाका. धने अख्खे टाकू नका, फरशीवर चपलेने हलके रगडून दोन फाकी करायच्या, आठ-दहा तास पाण्यात ठेवायचे, मगच पेरायचे. पश्चिमेच्या बाजूला मक्याच्या दोन ओळी आधीच लावून ठेवा, दुपारच्या उन्हाला तेवढाच आडोसा.

आता कांदा, कारण खरा पैसा तिथंच अडकलेला असतो. चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर छपरात) सडणारा कांदा निम्मा शेतातच बिघडलेला असतो हे माझं मत. लागवडीला 60 दिवस झाले की युरिया बंद, नंतर दिलं की मान जाड राहते आणि टिकत नाही. निम्म्या माना पडल्या की काढणीला आला समजा, आणि पाणी त्याच्या 15-20 दिवस आधी तोडलेलं पाहिजे, शेवटचं एक पाणी देऊन वजन वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो पण तो टाळा. उपटलेला कांदा तीन-चार दिवस वावरातच पातीने झाकून ठेवायचा, म्हणजे एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर, उघडा पडला तर उन्हाने भाजतो. मग एक-दीड इंच मान ठेवून कापा, अगदी बुडापासून कापला की तिथूनच सड शिरते. नंतर दहा-पंधरा दिवस सावलीत पातळ पसरा आणि निवडा. डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जोड कांदे, गोल्टी (बारीक कांदा) आधीच विकून टाका, चाळीत फक्त एकसारखा, कोरडा माल. ढीग चार-पाच फुटाच्या वर नको आणि खालून हवा खेळली पाहिजे.

या दिवसात ताडपत्री वावरातच पाहिजे, घरी माळ्यावर नाही. 2014 ला फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने काय केलं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. गहू कापला की त्याच दिवशी मळायचं बघा, पेंढ्या पडू देऊ नका.

गहू निघालेलं वावर लगेच नांगरून टाका, ढेकळं तापली की अळ्यांचे कोष मरतात आणि बाकीचे बगळे खातात. काड पेटवू नका. आणि शेणखत टाकायच्या आधी मातीचा नमुना घ्या, वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती प्लास्टिकच्या घमेल्यात गोळा करून मिसळायची आणि अर्धा किलो तपासणीला द्यायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची माती घेऊ नका.

जनावरांचं एक महत्त्वाचं. पाण्याचा ताण बसलेलं कोवळं कडवळ (चाऱ्याची ज्वारी) गाईला घालू नका, किराळ लागते म्हणजे विषबाधा होते, तासाभरात जनावर आडवं होतं. फुलोऱ्यावर आल्यावरच कापा. शेजारच्या वावरात सुटलेली शेळी पण तेच खाते, तिच्याकडं पण लक्ष ठेवा. घटसर्प-फऱ्याची लस पावसाच्या आधी व्हायला पाहिजे म्हणून मे मध्येच दवाखान्यात विचारून ठेवा, जूनमध्ये सगळेच धावतात.

वेलाच्या बिया आमच्या आत्याबाई आखाजीलाच टाकतात, त्याच्या आधी नाही म्हणजे नाही. पण आळी आधीच करून ठेवावी लागतात, न्हाणीघराचं पाणी जातं तिथं हात-हातभर खड्डे खणून, दोन पाट्या कुजलेलं शेणखत घालून तापू द्यायचे. मग एका आळ्यात चार बिया, उगवल्यावर तगडी दोन रोपं ठेवा. दोडका, कारलं मांडवावर, डांगर (लाल भोपळा) मात्र गोठ्याच्या छपरावर सोडा, मांडव त्याचं वजन पेलत नाही.