रॉक अँड रोलची जुनी तबकडी: आधी वाचा, मग वाजवा

पिवळं लेबल, त्यावर कोंबडा आणि सूर्याचे किरण. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या सॅम फिलिप्सच्या सन रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीची ही खूण. १९५४-५५ मध्ये तिने एल्विस प्रेसलीच्या पाच सिंगल (दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या) रेकॉर्ड काढल्या. त्यांचे क्रमांक २०९, २१०, २१५, २१७ आणि २२३. यातली एखादी मूळ प्रत चांगल्या अवस्थेत मिळाली, तर तिला हजारो डॉलर मोजावे लागतात. आता त्याच कंपनीची, त्याच पिवळ्या लेबलाची कार्ल पर्किन्सची 'ब्लू स्वेड शूज' घ्या. १९५६ ची, क्रमांक २३४. ती सामान्य माणसाला परवडते, कारण ती दहा लाखांवर खपली आणि घराघरात पोचली. एल्विस सनकडे होता तेव्हा त्याला अमेरिकेच्या दक्षिण भागाबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं, म्हणून त्याच्या प्रती कमी.

नवा संग्राहक नेमका इथे फसतो. गाणं जितकं गाजलेलं तितकी रेकॉर्ड महाग, असं तो धरून चालतो. बहुतेक वेळा उलटं असतं.

पहिलं काम: कुंपण घाला

'जुनं रॉक' म्हणून समोर येईल ते उचलायला लागलात, तर वर्षभरात कपाट भरेल आणि हाती काही लागणार नाही. एक कंपनी, एक कलाकार किंवा एक देश निवडा. शिकागोच्या चेस कंपनीच्या चक बेरीच्या रेकॉर्ड, किंवा 'लंडन' नावाच्या कंपनीने ब्रिटनमध्ये काढलेलं अमेरिकी रॉक, असं काहीतरी. कुंपण लहान असलं की डोळा लवकर तयार होतो.

आपल्याकडच्या माणसाला एक कुंपण अगदी हाताशी आहे. ब्रिटन-अमेरिकेत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद झाल्या. भारतात खेडोपाडी चावीचे ग्रामोफोन चालू होते, म्हणून कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात त्या निघतच राहिल्या. त्यामुळे बीटल्सची गाणी लाखेच्या ७८ वर इथे निघाली. परदेशी संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. आपल्याकडे त्या कुणाच्या तरी माळ्यावर, जुन्या भावगीतांच्या ढिगात पडलेल्या असू शकतात.

तबकडी वाचायला शिका

सगळा खेळ या पायरीवर आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

लेबलावरचा क्रमांक ही सुरुवात. पण त्याच क्रमांकाने रेकॉर्ड पुढे वीस वर्षं पुन्हा पुन्हा छापली गेलेली असू शकते. म्हणून आधी लेबलाचा रंग आणि मजकूर बघा. बीटल्सचा पहिला एलपी 'प्लीज प्लीज मी' २२ मार्च १९६३ ला ब्रिटनमध्ये आला. मोनो प्रतीचा क्रमांक पीएमसी १२०२. सुरुवातीच्या प्रतींवर पार्लोफोन या कंपनीचं काळं-सोनेरी लेबल होतं; लवकरच ते बदलून काळं-पिवळं झालं. अगदी पहिल्या प्रतींवर बीटल्सनी स्वतः लिहिलेल्या गाण्यांखाली प्रकाशक म्हणून डिक जेम्सच्या कंपनीचं नाव आहे, नंतरच्यांवर नॉर्दर्न साँग्जचं. स्टीरिओ प्रत थोडी उशिरा आली आणि तेव्हा स्टीरिओ यंत्रं मोजक्याच घरांत होती. त्यामुळे काळ्या-सोनेरी लेबलाची स्टीरिओ प्रत सगळ्यात दुर्मीळ. गाणी तीच, कव्हर तेच, किंमत मात्र कित्येक पटींनी वेगळी.

मग लेबल आणि शेवटची खाच यांमधली गुळगुळीत कडी बघा. तिथे कोरलेली किंवा ठोकलेली अक्षरं असतात. पार्लोफोनची मालक असलेल्या ईएमआयच्या इंग्लंडमधल्या हेज कारखान्याच्या रेकॉर्डवर एक गमतीची लिपी सापडते. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरं अनुक्रमे १ ते ९ आणि ० साठी वापरली जात. तबकडी ज्या साच्यातून निघाली त्याचा नंबर असा लिहिलेला असतो. एकटं 'जी' म्हणजे पहिला साचा, 'आर ए' म्हणजे तेविसावा. पहिल्या साच्याची प्रत हातात आली की अंगावर काटा येतो, हे मी अनुभवाने सांगतो. अमेरिकेतली कडी वेगळं बोलते. तिथे छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा दिसला, तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची. मेम्फिसमध्ये छापलेल्या सनच्या ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर लेबलात तीन बारीक गोल खळगे दाबलेले दिसतात.

हे सगळं शिकायच्या आधी चोरबाजारातून मी एक ब्रिटिश एलपी 'पहिली छपाई' म्हणून घेतला होता. घरी येऊन कडी वाचली, तर तो सत्तरच्या दशकातला निघाला. विकणाऱ्याला दोष कशाला देऊ? भिंग माझ्या खिशातच होतं, ते बाहेर काढायचं सुचलं नाही एवढंच.

अवस्था

अमेरिकेतल्या 'गोल्डमाइन' मासिकाची श्रेणी बहुतेक व्यवहारांत चालते. उत्तम ते खराब अशी: मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड, पुअर. निअर मिंटची किंमत शंभर धरली तर व्हीजी प्लसची साधारण पन्नास आणि व्हीजीची पंचवीस. म्हणजे 'व्हेरी गुड' हा शब्द जागेच्या जाहिरातीतल्या 'स्टेशनपासून पाच मिनिटं'सारखा समजायचा.

रेकॉर्ड एकाच दिव्याखाली तिरकी धरा. डोळ्यांच्या रेषेत आणून वाकलेली नाही ना ते बघा. खाचा काळ्या चमकदार न दिसता राखाडी दिसल्या, तर जड सुईने त्या खाल्लेल्या आहेत. फसवी जात म्हणजे स्टायरीन. अमेरिकेतल्या पुष्कळ ४५ या विनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या आहेत. त्या हलक्या आणि कडक असतात, लेबल वरून चिकटवलेलं असतं. दिसतात नव्यासारख्या आणि वाजवल्या की नुसता सूं-सूं. अशी रेकॉर्ड ऐकल्याशिवाय घेऊ नका.

नकली

एल्विसची सनची सिंगल रंगीत विनाइलवर किंवा चित्रांच्या कव्हरात कुणी दाखवली, तर नमस्कार करून पुढे जा. सनने तशी काढलीच नव्हती. व्ही-जे कंपनीने १९६४ मध्ये अमेरिकेत काढलेला 'इंट्रोड्यूसिंग द बीटल्स' हा तर नकलांसाठी कुप्रसिद्धच आहे. लेबलावर एलपीचं नाव भोकाच्या वर आणि 'द बीटल्स' हे नाव भोकाखाली असेल, तर ती नक्कल. अस्सलमध्ये दोन्ही वरच असतात.

शोधायचं कुठे

मुंबईत मटण स्ट्रीटचा चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. पण खरा माल माणसांकडून मिळतो. वांद्र्यातली, गोव्यातली जुनी घरं रिकामी होताना भंगारवाल्याच्या आधी तिथे पोचता आलं पाहिजे. त्यासाठी ओळखी हव्यात आणि नीट वागणंही हवं. घरातल्या आजींना रेकॉर्डची खरी किंमत सांगून मग भाव करा. परदेशातून मागवणार असाल, तर डिस्कॉग्ज या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर ती वस्तू आधी कितीला गेली आहे ते पाहा. विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत यांत फार अंतर असतं. टपाल आणि सीमाशुल्क वेगळं. विक्रेत्याकडे कडीचा फोटो मागायला लाजू नका.

सांभाळ

रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, म्हणून कपाट भिंतीला चिकटवू नका आणि आतल्या पिशव्या पॉलिथिनच्या वापरा. पीव्हीसीची पिशवी काही वर्षांत विनाइलवर पांढुरके डाग उमटवते. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. लाखेच्या ७८ ला मात्र अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका, लाख त्यात विरघळते. आणि ७८ ला तिची जाड सुईच लागते. एलपीची सुई तिच्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते आणि आवाज खरखरीत येतो.

प्रत्येक रेकॉर्डसाठी वहीत एक ओळ ठेवा: क्रमांक, कडीवरची अक्षरं जशीच्या तशी, अवस्था, कुठून आणि कितीला घेतली. विकायची वेळ आली, की गिऱ्हाईक आधी कडीवरची अक्षरंच विचारतं.