जीआरई व्हर्बल: शब्दांच्या यादीकडून वाक्याकडे

जीआरई ही परदेशात पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेण्यासाठीची परीक्षा, आणि व्हर्बल हा तिचा इंग्रजी भाषेचा भाग. पहिल्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, मला व्हर्बलला १७० पैकी १४८ गुण मिळाले. त्यानंतर तीन महिने मी शब्द पाठ केले. रोज पंधरा नवे शब्द आणि रविवारी आठवडाभराची उजळणी. हजाराच्या वर शब्द झाल्यावर दुसरी मॉक दिली. गुण आले १५०. तीन महिन्यांच्या मेहनतीचे दोन गुण! त्या संध्याकाळी मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी मात्र एक काम केलं, जे खरं तर पहिल्या मॉकनंतरच करायला हवं होतं. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवला आणि त्यासमोर तो का चुकला हे लिहिलं. शब्दच माहीत नाही म्हणून चुकलेले प्रश्न फक्त तीन निघाले. बाकी सगळ्यांतले शब्द मला येत होते, वाक्य कळलं नव्हतं.

तयारी सुरू करणाऱ्यांनी हे सुरुवातीलाच जाणून घ्यावं, म्हणून लिहिते आहे. शब्द लागतातच, त्यात वाद नाही. पण व्हर्बल हा शब्दसंग्रहाचा पेपर आहे हा समज बराच जुना आहे. २०११ सालापर्यंत जीआरईत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्य (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखणं) असे प्रश्न थेट विचारले जायचे, तेव्हा पाठांतर बरंच कामी यायचं. ते प्रश्न त्याच वर्षी गेले. आता प्रत्येक शब्द वाक्यात किंवा उताऱ्यात बसूनच समोर येतो.

स्वरूप थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली, एकूण १ तास ५८ मिनिटं. व्हर्बलचे दोन विभाग असतात: पहिल्यात १२ प्रश्नांना १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २३ मिनिटं. पहिला विभाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. गुण १३० ते १७० या पट्टीवर मिळतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. प्रश्न तीन प्रकारचे: गाळलेल्या जागा, एका जागेसाठी दोन समानार्थी उत्तरं निवडणं आणि उताऱ्यावरचे प्रश्न.

माझ्या चुका सगळ्यात जास्त गाळलेल्या जागांत होत्या, म्हणून तिथेच जास्त वेळ थांबते. चूक काय व्हायची ते मराठीतच दाखवते, भाषा बदलली तरी युक्ती तीच राहते. हे वाक्य बघा: ‘त्या शास्त्रज्ञाचं लेखन क्लिष्ट म्हणूनच ओळखलं जायचं, पण त्याचा हा शेवटचा निबंध आश्चर्य वाटावं इतका ____ आहे.’ पर्याय असे: विद्वत्तापूर्ण, प्रभावी, सुबोध, मौलिक, सविस्तर. मी पर्यायांवर उडी मारायचे. शास्त्रज्ञ म्हटलं की ‘विद्वत्तापूर्ण’ डोळ्यांत भरतो, आणि वाक्यात घालून वाचला तर वाईटही वाटत नाही. पण वाक्याने आपलं उत्तर आधीच सांगून ठेवलं आहे. ‘क्लिष्ट’ आहे, त्यापुढे ‘पण’ आहे, शिवाय ‘आश्चर्य वाटावं इतका’ आहे. जागेत क्लिष्टच्या उलटच काहीतरी हवं. ‘सुबोध’ सोडून दुसरं काही चालत नाही.

मग मी स्वतःला एक शिस्त लावली. पर्याय हाताने झाकायचे. वाक्य वाचायचं, आणि गाळलेल्या जागेत आपल्या मनातला साधा शब्द घालायचा, मराठीत सुचला तरी चालेल. ‘सोपा’, ‘वाईट’, ‘कमी करणे’ इतका साधा. तो शब्द वाक्यातल्या कोणत्या शब्दांवरून सुचला ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. दाखवता येत नसेल तर वाक्य पुन्हा वाचायचं. त्यानंतरच पर्याय उघडायचे. पहिले दहा-बारा दिवस हे फार हळू चाललं, एका प्रश्नाला तीन-तीन मिनिटं लागायची. त्या काळात मी घड्याळ लावलंच नाही, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनीही लावू नये असं माझं ठाम मत आहे. आधी पद्धत हाडीमाशी रुजू द्या, वेग नंतर येतो.

पुरावा शोधताना इंग्रजीच्या काही छोट्या रचना फसवतात. त्यांची यादी मला हजार शब्दांच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडली. ‘एनिथिंग बट’ म्हणजे ‘मुळीच नाही’ आणि ‘ऑल बट’ म्हणजे ‘जवळजवळ’. दिसायला सारख्या, अर्थाने उलट. ‘फॉर ऑल हिज लर्निंग’ म्हणजे ‘एवढी विद्वत्ता असूनही’. ‘एलिगंट, इफ स्लाइट’ मधला ‘इफ’ हा ‘जर’ नसून ‘जरी’ असतो: पुस्तक किरकोळ असलं तरी डौलदार आहे. अपूर्णविरामानंतर बहुधा आधीच्या विधानाचा खुलासा येतो, म्हणून जागा एका बाजूला असेल तर उत्तर दुसऱ्या बाजूला शोधायचं. वाक्यात दोन नकार आले की मी कच्च्या कागदावर अधिक-उणे अशी खूण करायचे. एवढ्याने बऱ्याच चुका थांबल्या.

दोन किंवा तीन जागांच्या प्रश्नांत प्रत्येक जागेला तीनच पर्याय असतात, पण सगळ्या जागा बरोबर आल्याशिवाय गुण मिळत नाही. पहिल्या जागेपासूनच सुरुवात करायचं बंधन नाही. जिचा पुरावा सगळ्यात स्पष्ट आहे ती आधी भरा, मग ती भरलेली जागाच उरलेल्यांसाठी पुरावा होते.

आता शब्दांविषयी. अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांनी मला जास्त दगा दिला. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं एवढंच मला ठाऊक होतं, पण विधान ‘क्वालिफाय’ करणं म्हणजे त्याला मर्यादा घालणं. ‘चेक’ म्हणजे रोखणं, ‘टेंपर’ म्हणजे सौम्य करणं, ‘फ्लॅग’ म्हणजे उत्साह गळणं, ‘वॉन्टिंग’ म्हणजे उणीव असलेला, ‘इकॉनॉमी’ म्हणजे काटकसर. ‘सँक्शन’ तर मंजुरीही आणि निर्बंधही. कोणता अर्थ हे फक्त वाक्यच सांगतं. ‘आर्टलेस’ माणूस कलाशून्य नसतो, निष्कपट असतो. आणि ‘डिसइंटरेस्टेड’ न्यायाधीश कंटाळलेला नसून निःपक्षपाती असतो. दुसरा गट रूपावरून चकवणाऱ्यांचा: ‘एनर्व्हेट’ ऐकायला जोमदार, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं, ‘नॉइसम’चा आवाजाशी संबंध नाही, त्याचा अर्थ दुर्गंधीयुक्त किंवा अपायकारक, ‘रेस्टिव्ह’ म्हणजे शांत नव्हे, बेचैन. असे शब्द वेगळ्या वहीत, प्रत्येकाचं एक पूर्ण वाक्य लिहून ठेवा. कार्डावर फक्त एकेक अर्थ लिहिणं मी सोडूनच दिलं. शब्द गटाने शिकले: ‘कमी बोलणारा’ या अर्थाचे एकत्र, ‘कौतुक करणे’चे एकत्र, ‘निंदा करणे’चे एकत्र. ‘टॅसिटर्न’, ‘रेटिसंट’ आणि ‘लकॉनिक’ शेजारी बसले की त्यांच्यातला फरकही लक्षात राहतो.

दोन समानार्थी उत्तरं निवडण्याच्या प्रश्नात सहा पर्याय असतात आणि दोन्ही निवडी बरोबर हव्यात. मी आधी सहांतली जोडी शोधायचे आणि तिथेच फसायचे, कारण वाक्यात न बसणारीही एखादी जोडी त्यात असू शकते. शिवाय वाक्यात चपखल बसणारा पण जोडीदार नसलेला शब्दही असतो. इथेही आधी मनातला शब्द, मग पर्याय. निवडलेल्या दोन शब्दांनी होणारी दोन वाक्यं एकच गोष्ट सांगतात ना, हे शेवटी एकदा वाचून बघायचं.

उताऱ्यांबाबत मला वाटायचं की आपल्या विषयाचा उतारा आला म्हणजे गुण हातात आले. उलटंच झालं. माझ्या पदवीच्या विषयावरच्या एका उताऱ्यात मी तीनपैकी दोन प्रश्न चुकवले, कारण उत्तरं उताऱ्यातून न देता डोक्यातल्या माहितीतून दिली. पर्यायातलं विधान जगात खरं असेल, पण उताऱ्यात नसेल तर ते चूक. तेव्हापासून प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातली ओळ दाखवायची असा नियम केला. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘पूर्णपणे’ अशा जोरकस शब्दांचे पर्याय दोनदा तपासायचे, आणि अर्धं बरोबर विधान हे चूकच मानायचं. काही प्रश्नांत तीन पर्यायांपैकी बरोबर असतील तेवढे सगळे निवडायचे असतात, एक, दोन किंवा तिन्ही. तिथे तुलना करू नका. प्रत्येक पर्याय स्वतंत्र प्रश्न समजून ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवा.

वाचताना मी एकच गोष्ट शोधायला शिकले: लेखक कुठे वळतो? बऱ्याच उताऱ्यांत आधी एखादं रूढ मत येतं आणि मग ‘हाउएव्हर’, ‘येट’ किंवा ‘रिसेंटली’ नंतर त्याला धक्का लागतो. तो वळण-बिंदू सापडला आणि लेखक कुणाच्या बाजूचा हे कळलं, की मुख्य कल्पनेचे प्रश्न सुटतात. तपशील लक्षात ठेवायची गरज नाही, उतारा समोरच असतो. सवयीसाठी रोज अर्धा तास मी विज्ञान, इतिहास, कला अशा आपल्या नसलेल्या विषयांवरचे लांब लेख वाचले आणि प्रत्येक परिच्छेदानंतर एका वाक्यात सारांश लिहिला. पहिले दोन आठवडे त्रास झाला, पण या अर्ध्या तासाला पर्याय नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. दर प्रश्नाला साधारण दीड मिनिट मिळतं, पण ते सगळ्यांना सारखं वाटायचं नाही. गाळलेल्या जागा मिनिटभराच्या आत उरकल्या तर उताऱ्यांना श्वास मिळतो. विभाग संपेपर्यंत मागे जाता येतं, म्हणून अडलेल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्या, खूण करा आणि पुढे चला.

निबंध वेगळा मोजला जातो, ० ते ६ गुणांत, आणि तो परीक्षेत सगळ्यात आधी येतो: एक विधान, ३० मिनिटं. विषयांची यादी परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्था स्वतःच संकेतस्थळावर देते. मी त्यातल्या वीस विषयांचे फक्त आराखडे केले आणि सहा निबंध पूर्ण टंकले. विधानाखालची सूचना नीट वाचा, ती बदलत असते. परीक्षेच्या संगणकावर शुद्धलेखन तपासणी नसते, म्हणून सरावही तसाच करा.

सरावाला अधिकृत प्रश्नच घ्या. बाहेरच्या अनेक चाचण्यांत नुसते अवघड शब्द कोंबलेले असतात, वाक्यातला पुरावा मात्र ढिला, आणि मग पद्धतीवरचाच विश्वास उडतो. ईटीएसच्या पॉवरप्रेप या ऑनलाइन सराव-सुविधेवर दोन पूर्ण चाचण्या मोफत आहेत. मी एक खूप लवकर, तयारी नसताना वाया घालवली. दुसरी मात्र शेवटच्या दहा दिवसांसाठी जपून ठेवली आणि तीत १५८ आले.

प्रत्यक्ष परीक्षेत मध्ये सुट्टी नसते, त्यामुळे निबंधाचा थकवा घेऊनच व्हर्बलला बसावं लागलं. दुसऱ्या विभागात तीन जागांचा एक प्रश्न आला, त्यातले दोन पर्याय मी कधी पाहिलेही नव्हते. अंदाज लावला, खूण केली, पुढे गेले. शेवटी चार मिनिटं उरली तेव्हा परत आले. मधल्या जागेआधी ‘एनिथिंग बट’ होतं, पहिल्या वाचनात मी ते ‘ऑल बट’ समजून वाचलं होतं. मधली जागा बदलली, तशी तिसरीही बदलावी लागली, आणि ते दोन अनोळखी शब्द आपोआप बाद झाले. पेपर संपल्यावर पडद्यावर व्हर्बल आणि क्वांट (गणिताचा भाग) यांचे अनधिकृत गुण दिसतात. व्हर्बलसमोर १६० होते.