तुटक रेघ कागदावर तुटकच उमटावी: ऑटोकॅडमधला लाइनटाइप स्केल

तुटक रेघ म्हणजे झाकलेली वस्तू: जमिनीखालचा पाइप, डोक्यावरचा बीम, वरच्या मजल्याचं प्रोजेक्शन. ती सलग उमटली की साइटवरचा माणूस तिला भिंतीची कड समजतो. म्हणून डॅश, म्हणजे तुटक रेघेचा एक तुकडा, स्क्रीनवर कसा दिसतो याआधी कागदावर तो किती मिलिमीटरचा हवा, हे ठरवा. बाकी सगळी सेटिंग्ज त्या एका आकड्यामागून येतात.

मेट्रिक ड्रॉईंगला लाइनटाइप (रेघांचे तयार नमुने) एकॅडआयएसओ फाइलमधून येतात. तिथे ‘हिडन’ या तुटक रेघेचा डॅश ६.३५ आणि मोकळी जागा ३.१७५ आहे. इंचांच्या एकॅड फाइलमध्ये हेच आकडे ०.२५ आणि ०.१२५ आहेत, म्हणजे २५.४ पटींनी लहान. मेट्रिक व्याख्येवर एलटीस्केल (अख्ख्या ड्रॉईंगच्या लाइनटाइपना गुणणारा आकडा) ०.५ ठेवला की कागदावर साधारण ३.२ मिमी डॅश आणि १.६ मिमी फट मिळते. ए१ शीटवर हे माप छान वाचता येतं.

रेघेचा डॅश तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: लाइनटाइपची व्याख्या, अख्ख्या ड्रॉईंगचा एलटीस्केल आणि त्या एका ऑब्जेक्टचा स्वतःचा लाइनटाइप स्केल. हा तिसरा आकडा १ च राहू द्या. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो: एक रेघ सलग दिसली म्हणून कुणी प्रॉपर्टीजमध्ये ५० टाकतो, पुढचा माणूस दुसऱ्या रेघेला २० देतो, आणि मग एलटीस्केल कितीही बदलला तरी सगळ्या रेघा एकदम जागेवर येत नाहीत.

आता लेआउट, म्हणजे प्लॉटचं शीट मांडायचा टॅब. तिथलं पीएसएलटीस्केल हे सेटिंग १ असेल तर डॅश कागदाच्या मापात मोजला जातो. त्यामुळे १:१०० चा प्लॅन आणि १:२० चं टॉयलेट डिटेल एकाच शीटवर असले तरी दोन्हींचे डॅश सारखे येतात. तो ० असेल, तर मिमीमधल्या ड्रॉईंगमध्ये तोच ३.२ चा डॅश इमारतीच्या मापात धरला जातो आणि १:१०० ला कागदावर ०.०३ मिमी होतो. अर्थात सलग रेघ. मग एलटीस्केल ५० केला जातो. प्लॅन सुधारतो, पण शेजारच्या १:२० मध्ये डॅश १६ मिमीचा होऊन बसतो. हे सेटिंग प्रत्येक लेआउटचं वेगळं असतं, म्हणून एका टॅबवर १ करून भागत नाही; प्रत्येक टॅब उघडून तपासा. बदल केल्यावर किंवा व्ह्यूपोर्टचा (शीटवर ड्रॉईंग दाखवणाऱ्या खिडकीचा) स्केल हलवल्यावर रीजनऑल ही कमांड द्या, नाहीतर जुनेच डॅश दिसत राहतात.

मॉडेल टॅबसाठी, म्हणजे जिथे मूळ ड्रॉईंग काढतो तिथे, २००८ च्या आवृत्तीपासून एमएसएलटीस्केल हे तसंच सेटिंग आहे. तो १ ठेवा आणि खालच्या पट्टीत ॲनोटेशन स्केल १:१०० निवडा, म्हणजे मॉडेलमध्येही लेआउटसारखेच डॅश दिसतील. ड्रॉईंग मीटरमध्ये असेल तर मात्र यादीतला १:१०० चालत नाही. तिथे नवीन स्केल बनवा: कागदाचे १० युनिट बरोबर ड्रॉईंगचं १ युनिट.

आधीच बिघडलेलं ड्रॉईंग असं साफ करा:

१. सगळे लेयर थॉ (गोठवलेले असतील तर मोकळे) आणि अनलॉक करा.
२. क्यूसिलेक्ट या अटीनुसार निवड करणाऱ्या कमांडमध्ये प्रॉपर्टी ‘लाइनटाइप स्केल’, अट ‘नॉट इक्वल’ आणि किंमत १ द्या. निवडलेल्या सगळ्यांना प्रॉपर्टीजमध्ये १ करा.
३. सीईएलटीस्केल १ करा. नव्या रेघांना हाच आकडा चिकटतो.
४. ब्लॉकच्या आतल्या रेघा क्यूसिलेक्टला सापडत नाहीत. ब्लॉक एडिटर उघडून तिथेही हेच करा. सेटबायलेयर कमांड लाइनटाइप स्केलला हात लावत नाही, तिच्यावर विसंबू नका.
५. एलटीस्केल ०.५, मग रीजनऑल.

एवढं करूनही काही रेघा सलगच राहतात, आणि त्याला बहुधा लांबी कारण असते. ‘सेंटर’ या मध्यरेषेच्या लाइनटाइपचा पूर्ण नमुना ५०.८ मिमीचा, ०.५ ला २५.४. १२०० मिमीच्या डक्टची मध्यरेषा १:१०० ला कागदावर जेमतेम १२ मिमी, तिच्यात एक नमुनाही मावत नाही. ‘सेंटर२’ नावाला अर्ध्या मापाचा, पण त्याचा नमुना २८.५७५ चा, म्हणजे ०.५ ला १४.३ लागतात. अशा आखूड रेघांसाठी आणखी लहान नमुन्याचा वेगळा लाइनटाइप आणि वेगळा लेयर ठेवा. तिथेही ऑब्जेक्टचा स्केल बदलण्याचा मोह टाळा.

पॉलीलाइनचं (अनेक तुकडे जोडून बनलेल्या एका रेघेचं) दुखणं वेगळं. प्लाइनजेन हे सेटिंग ० असेल तर नमुना प्रत्येक कोपऱ्यापासून नव्याने सुरू होतो. सर्व्हेतून आलेल्या नाल्याच्या किंवा काँटूरच्या रेघेला हातभर अंतरावर बिंदू असतात, त्यामुळे ती पूर्ण सलग दिसते. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये लाइनटाइप जनरेशन चालू करा. चौकोनी प्रोजेक्शनला मात्र ते बंदच बरं. कोपऱ्यावर डॅश मिळून नीट काटकोन दिसतो.

एक्सरेफ (बाहेरचं दुसरं ड्रॉईंग) जोडलात तर त्याचा एलटीस्केल येत नाही, मुख्य ड्रॉईंगचाच लागतो. पण लाइनटाइपची व्याख्या तो स्वतःची घेऊन येतो. ती इंचांच्या फाइलमधली असेल तर डॅश २५.४ पटींनी बारीक होतात. मूळ ड्रॉईंगमध्ये मेझरमेंट हे सेटिंग १ (मेट्रिक) करा आणि लाइनटाइप मॅनेजरच्या लोडमधून एकॅडआयएसओ निवडून तीच नावं पुन्हा लोड करा. नुसतं मेझरमेंट बदलून जुन्या व्याख्या बदलत नाहीत. कॉपी-पेस्टमध्ये उलट होतं: त्याच नावाचा लाइनटाइप तुमच्याकडे आधीच असेल तर तुमचीच व्याख्या टिकते.

शेवटी १:१ प्लॉट काढून पट्टीने डॅश मोजा. ए१ चं शीट ए३ वर काढणार असाल तर सगळं अर्ध्यावर येतं: डॅश १.६, फट ०.८. लाइनवेट स्केल होत नसेल आणि रेघ ०.५ मिमीची असेल, तर गोल टोकं दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिमी आत घुसतात आणि फट ०.३ पर्यंत उरते. झेरॉक्समध्ये ती भरून जाते. अशा वेळी सीटीबीमध्ये (रंगानुसार पेन ठरवणाऱ्या प्लॉट फाइलमध्ये) त्या रंगाची लाइन एंड स्टाइल ‘बट’ (सपाट टोक) करा, किंवा झाकलेल्या वस्तूंच्या लेयरला ०.१८ चं पेन द्या.