गावाचा इतिहास मुंबईत बसून कसा जमवावा

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना गावाचा इतिहास आठवतो तो रौप्यमहोत्सव तोंडावर आला की. मग स्मरणिका ठरते. निम्मी पानं शुभेच्छांच्या जाहिरातींना जातात, उरलेल्यात कार्यकारिणीचे फोटो आणि गाव किती निसर्गरम्य आहे यावर एक लेख. पेठ कोणी वसवली, खाडीवर पूल कधी झाला, शाळेची पहिली इमारत कुठे होती, यातलं एक अक्षर त्यात नसतं. स्मरणिका जरूर काढा, पण सगळ्यात शेवटी. आधी वर्षभर माणसं, कागद आणि फोटो यांच्या मागे लागा.

हे काम मुंबईतूनच सुरू करावं, कारण गावची ऐंशी ओलांडलेली अर्धी माणसं इथेच आहेत. लालबाग-परळच्या खोल्या सुटल्या आणि ती मुलांबरोबर विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरला गेली. मंडळाच्या वर्गणीच्या जुन्या वह्या काढा, त्यातून नावं उतरवा, वयानं सगळ्यात मोठ्या माणसाकडे सगळ्यात आधी जा. यादी करताना बौद्धवाडी, कोळीवाडा, मोहल्ला आणि बाहेरून येऊन स्थिरावलेली दुकानदार घरं सुटता कामा नयेत. देवळाच्या मानकऱ्यांना विचारून लिहिलेला इतिहास त्या चार घरांचा असतो, गावाचा नव्हे. लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुलींनाही यादीत घ्या. गाव लहानपणी सोडल्यामुळे त्यांच्या डोळ्यांपुढचं गाव पुढच्या बदलांनी पुसलेलं नसतं.

ध्वनिमुद्रणाला मोबाईल पुरतो. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर तोंडापासून हातभर अंतरावर. एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ झाला. सुरुवातीलाच नाव, तारीख, जागा आणि परवानगी त्यांच्याच आवाजात बोलून घ्या. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या आधी घ्या, गप्पा नंतर.

आता खरं अवघड काम: काळ लावणे. गावाच्या इतिहासाची बहुतेक पुस्तकं इथेच फसतात. 'इंग्रजांच्या काळात' याचा अर्थ म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी पुष्कळदा एवढाच असतो की वीज यायच्या आधी. 'पन्नास वर्षं झाली असतील' हा आकडा तर तीस ते सत्तर यांपैकी काहीही असू शकतो. आणि विचारणारा उतावीळ असला की तोच म्हणतो, 'म्हणजे साठ साली ना?' समोरचा माणूस भिडेनं 'हो' म्हणतो. ते 'हो' छापलं जातं, पुढच्या स्मरणिकेत उतरतं आणि दहा वर्षांत सगळ्या गावाला साठ सालच पाठ होतं. म्हणून नियम एकच: सन तुम्ही उच्चारायचा नाही. त्यांनाही विचारायचा नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. पहिली घरातली: तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? थोरली चालायला लागली होती का? सासरे होते का? बायका काळ बाळंतपणांवर मोजतात आणि तो हिशेब पुरुषांच्या सनावळीपेक्षा कितीतरी पक्का निघतो. दुसरी गोष्ट बाहेरची: जिची तारीख छापील आहे अशी घटना, आणि तिच्या 'आधी की नंतर' एवढाच प्रश्न.

अशा खुणांची यादी बैठकीला जाताना खिशात हवी. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला. 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली ती १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी. त्यानंतर महिन्याच्या आत स्वातंत्र्य मिळालं, त्यामुळे रायगडच्या माणसांसाठी याहून चांगली खूण नाही. गांधीहत्या ३० जानेवारी १९४८ची. ब्राह्मणांची घरं जळाली त्या गावांत ही तारीख कोणी विसरत नाही. १ एप्रिल १९५७ दुहेरी कामाची आहे: त्याच दिवशी नवे पैसे आले आणि कूळकायद्याचा कृषक दिन, म्हणजे कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली तो दिवसही, तोच. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झाला. तेव्हा कोण कुठे झोपलं होतं हे कोकणात आणि साताऱ्यात अजून सांगतात. देशावरच्या माणसांना १९७२च्या दुष्काळातलं खडी फोडायचं काम आणि तेव्हा खायला मिळणारी सुकडी विचारा. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. गावात परत आलेल्या माणसांनी काय काय सुरू केलं, कोणतं दुकान, कोणता टेम्पो, हे सगळं या खुणेवर लागतं.

वीज, एसटी, नळ यांना मात्र खूण म्हणून कधीही धरू नका. ती प्रत्येक वाडीत वेगळ्या वर्षी आली, आणि नेमकं तेच तर आपल्याला शोधायचं आहे.

हे प्रत्यक्षात कसं जुळतं ते पाहा. समजा, आजी सांगतात की नव्या पुलावरून पहिल्यांदा गेले तेव्हा धाकटा पोटात होता, पाऊस नुकताच संपला होता. धाकट्याचा जन्म जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे गावच्या भाषेत कोतवाल बुकात, फेब्रुवारी १९६४चा सापडला. मग पूल चालू होता १९६३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि हे सन न विचारता हाती आलं. त्याच पुलाबद्दल दुसऱ्या वाडीतलं, दुसऱ्या जातीतलं किमान एक माणूस स्वतंत्रपणे विचारा. चौघांना एकत्र बसवू नका. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची होते.

कोतवाल बुक मागताना ध्यानात ठेवा: त्यात पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, वडिलांचं असतं. जुनी बुकं गावात मिळाली नाहीत तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारा. शाळेचं जनरल रजिस्टरही सोन्यासारखं आहे, पण त्यातल्या १ जून या जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. पोर शाळेत आणलं, जन्मतारीख कोणाला ठाऊक नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्या रजिस्टरातली भरवशाची तारीख दाखल झाल्याची. जून १९६५ला पहिलीत गेलेला मुलगा 'भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होतो' म्हणत असेल तर त्याची आठवण बरोबर आहे. पाचवीत होतो म्हणत असेल तर त्याच्या बाकीच्या सनांकडेही जपून पाहा.

दोन साक्षी आणि एक कागद जुळला तर सन छापा. फक्त साक्षी असतील तर 'कोयनेच्या भूकंपाच्या आधी' असंच छापा. त्यात कमीपणा काही नाही. खोटा नेमका आकडा छापण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं.

देवळाच्या तुळईवर किंवा दीपमाळेवर शक कोरलेला असेल तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा. महिना माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९. शेजारी संवत्सराचं नाव असेल तर पंचांगातल्या साठ नावांच्या यादीशी ताडून पाहा, वाचताना चुकलेला एखादा आकडा लगेच पकडला जातो. अक्षरं दिसत नाहीत म्हणून दगड तारेच्या ब्रशनं घासू नका, ऑइलपेंटनं रंगवू तर मुळीच नका. रंगवणारा त्याला वाटतं तेच अक्षर गिरवतो आणि मूळ कायमचं जातं. रात्री जा, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा, फोटो काढा. पुसट अक्षरं सावलीनं उठून दिसतात.

छापील साधनं मुंबईत हाताशी आहेत. इंग्रजी अमदानीतली गॅझेटियरं, म्हणजे जिल्ह्यांच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, आधी पाहा: रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८०चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३चा, साताऱ्याचा १८८५चा. बंदर, बाजाराचा वार, शाळा, धर्मशाळा यांचे उल्लेख त्यात गावाच्या नावाखाली सापडतात. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे जाताना विषय नेमका ठरवून जा, 'आमच्या गावाबद्दल काय आहे' असं विचारून काही मिळत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१चा, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याची त्याआधीची माहिती रत्नागिरीच्या नावाखाली शोधावी लागते. रायगडची कुलाब्याच्या नावाखाली. घरातले मोडी कागद वाचणारा मिळेपर्यंत फक्त फोटो काढून ठेवा आणि एक शपथ घ्या: लॅमिनेशन करायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही. लॅमिनेशन पुन्हा सुटत नाही, चिकटपट्टीचा गोंद वर्षांनी कागद खातो.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूही. स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. नावं मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई पुढे उमटते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर छपाईच्या लायकीचे राहत नाहीत. सगळ्याच्या तीन प्रती: एक मुंबईत, एक गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात, एक क्लाउडवर.

मग उत्सव. हॉल, सत्कार, शाली, भाषणं यांवर पैसे घालवू नका. मे महिन्यात, चाकरमानी गावी असताना, शाळेच्या पडवीत दोरी बांधून पंचवीस-तीस फोटो टांगा, बारा बाय अठरा इंचाचे. गणपतीत करू नका. पावसानं फोटो भिजतात आणि आरत्यांच्या गडबडीत थांबून बघायला कोणाला वेळ नसतो. मजकूर हातभर अंतरावरून वाचता येईल एवढा मोठा. ज्या गोष्टींवर कोर्टात दावा चालू आहे, पालखीचा मान, देवस्थानची जमीन, त्या या भिंतीवर नकोत, नाहीतर दुपारपर्यंत प्रदर्शन बंद पडेल आणि पुढे कोणी फोटो देणार नाही.

प्रत्येक सामूहिक फोटोतल्या डोक्यांना आकडे द्या, खाली तेच आकडे लिहिलेला कोरा कागद आणि सुतळीनं बांधलेली पेन्सिल ठेवा. लोक नावं लिहितील, एकमेकांची खोडतील, वाद घालतील. खोडलेलं नावही जपा. रोज संध्याकाळी भरलेल्या कागदाचा फोटो काढा, दुसऱ्या दिवशी नवा कागद लावा. मुंबईला परतल्यावर ही सगळी नावं शाळेच्या जनरल रजिस्टराशी ताडून पाहा, आणि ज्या नावांवरून वाद झाला त्या घरांकडे फोन नीट चार्ज करून पुन्हा जा.