भाज्यांची इंग्रजी–लाटव्हियन नावे पाठ करताना

लाटव्हियात शिकायला वा नोकरीला गेलेल्या ज्यांना भाज्यांची इंग्रजी नावे लाटव्हियन अर्थांसह पाठ करायची आहेत, त्यांनी लाटव्हियन शब्द एकवचन आणि अनेकवचन अशा जोडीनेच लिहावेत, कारण शब्दकोशात बटाटा ‘कार्तुपेलिस’ आणि गाजर ‘बुरकान्स’ असे भेटले, तरी बाजारातल्या पाट्यांवर बहुधा ‘कार्तुपेली’ आणि ‘बुरकानी’ अशी अनेकवचनेच दिसतात. सरावासाठी १९३० साली सुरू झालेल्या, राजधानी रीगाच्या मध्यवर्ती बाजाराइतकी चांगली जागा नाही; झेपेलिन ही फुग्यासारखी वायुजहाजे ठेवण्याच्या जुन्या हँगरांचे सांगाडे वापरून उभारलेल्या तिथल्या दालनांपैकी भाज्यांच्या दालनात वही घेऊन सावकाश फिरावे.

लिंगही शब्दासोबतच शिकावे. ‘स’ने संपणारी नामे बहुतेक पुल्लिंगी, तर ‘आ’ किंवा ‘ए’ने संपणारी बहुतेक स्त्रीलिंगी असतात. इंग्रजी नामे याबाबत काहीच सुचवत नाहीत आणि मराठीची सवयही इथे चकवते, कारण आपली काकडी तिकडे ‘गुर्किस’ म्हणून पुल्लिंगी होते, तर आपले बीट ‘बिएते’ म्हणून स्त्रीलिंगी.

सर्वांत फसवी जोडी मात्र वेगळीच आहे. एम, ए, आय, झेड, ई ही अक्षरे इंग्रजीत वाचली तर मका, आणि लाटव्हियनमध्ये वाचली तर ‘माइझे’, म्हणजे पाव! मक्याला तिकडे ‘कुकुरूझा’ म्हणतात. ही नोंद वहीत लाल शाईने करावी आणि शेजारी ‘रुप्यमाइझे’ हा राईच्या काळसर पावाचा शब्दही लिहावा, कारण लाटव्हियन जेवणात तो सतत समोर येतो.